नियमांमागचे गणित

एमआयटीच्या अभ्यासक्रमांच्या यादीत १८.०२ या क्रमांकापुढे तीन आकडे छापलेले असतात: ५-०-७. पहिला आकडा वर्गातल्या तासांचा, दुसरा प्रयोगशाळेचा, तिसरा वर्गाबाहेरच्या अभ्यासाचा. तिन्ही दर आठवड्याचे. १८ हा तिथल्या गणित विभागाचा क्रमांक आणि १८.०२ म्हणजे मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, मराठी परिभाषेत बहुचल कलन. पाच तास वर्ग, प्रयोगशाळा नाही, सात तास स्वतःची मेहनत. इथे ऐकण्यापेक्षा सोडवण्यात जास्त वेळ जाणार, हे विद्यार्थ्याला नाव नोंदवण्याआधीच कळलेले असते.

विद्यापीठात अशा विषयाच्या पहिल्या दिवशी एक नियमपत्रक हातात पडते. आठवड्याला तास किती, गृहपाठ कधी द्यायचा, उशीर झाला तर काय, मित्रांबरोबर बसून गणिते सोडवली तर चालतात का, परीक्षा किती, कुठल्या परीक्षेला किती गुण, कॅल्क्युलेटर चालेल का, आजारी पडले तर कुणाला कळवायचे, प्राध्यापक कधी भेटतील, हे सगळे त्यात असते. बहुतेक विद्यार्थी परीक्षेच्या तारखा आणि गुणांची विभागणी तेवढी पाहतात आणि कागद वहीत सरकवतात. पुढील प्रकरणे त्या कागदाविषयी आहेत. बहुचल कलनाच्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक नियम त्या गणिताच्या स्वभावातून आलेला आहे, आणि ते कारण कळले की तोच नियम अभ्यासाला हाताशी धरून नेतो, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

सुरुवात विषयाच्या आवाक्यापासून करावी लागते. १८.०२ चे चार भाग पडतात. आधी सदिश आणि मॅट्रिक्स, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह, मग प्रतलातले दुहेरी आणि रेषेवरचे इंटिग्रल, शेवटी अवकाशातले तिहेरी आणि पृष्ठभागावरचे इंटिग्रल. ग्रीन, गाउस आणि स्टोक्स यांची प्रमेये आली की सत्र संपत आलेले असते. डेनिस ऑरू यांनी २००७ च्या शरद सत्रात दिलेली या विषयाची ३५ व्याख्याने एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर आजही कुणालाही मोफत पाहता येतात. एमआयटीत हा विषय ऐच्छिक नाही. पुढे जीवशास्त्र घ्यायचे असो की अर्थशास्त्र, पदवी हवी असेल तर कॅल्क्युलसची दोन सत्रे पार करावीच लागतात.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला हा ऐवज अनोळखी नसतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात तो तीन विषयांत वाटला गेला होता: पार्शल डेरिव्हेटिव्ह एम-वनमध्ये, मल्टिपल इंटिग्रल एम-टूमध्ये आणि व्हेक्टर कॅल्क्युलस अनेक शाखांत दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीमध्ये, तेही इतर प्रकरणांच्या सोबतीने. म्हणजे जे इथे दीड-दोन वर्षांत अधूनमधून भेटते, ते १८.०२ मध्ये सुमारे चौदा आठवड्यांत सलग समोर येते. पुण्या-मुंबईहून परदेशी गेलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो या गतीचा. गणित ओळखीचे असते, पण त्यावर विचार करायला मिळणारा वेळ कमी झालेला असतो.

नियमपत्रकाच्या वरच्या भागात पूर्वतयारीची अट असते: एका चलाचे कलन उत्तीर्ण. ही अट वाचून विद्यार्थी निर्धास्त होतो. डेरिव्हेटिव्ह येतात, इंटिग्रल येतात, आता क्षच्या जोडीला य आला एवढेच, असे त्याला वाटते. फरक किती खोल आहे हे एका उदाहरणात दिसते.

क्ष²य भागिले (क्ष⁴ + य²) हे फंक्शन घ्या आणि आरंभबिंदूकडे जाताना त्याची किंमत कशाकडे सरकते ते शोधा. एका चलात एखाद्या बिंदूकडे जायच्या वाटा दोनच, डावीकडची आणि उजवीकडची. दोन चलांत वाटांना गणती नाही. क्ष-अक्षावरून आले तर किंमत शून्य, य-अक्षावरूनही शून्य. आरंभबिंदूतून जाणारी कुठलीही तिरकी सरळ रेषा घ्या, तिच्यावरूनही किंमत शून्याकडेच जाते. इथवर आलेला विद्यार्थी समाधानाने ‘सीमा शून्य’ असे लिहून मोकळा होतो. आता य बरोबर क्ष² या पॅराबोलावरून या. अंशात क्ष⁴ येतो, छेदात त्याची दुप्पट येते आणि किंमत वाटभर १/२ राहते. सगळ्या सरळ वाटा एक सांगतात आणि एक वाकडी वाट दुसरेच सांगते, त्यामुळे इथे सीमा अस्तित्वातच नाही.

‘नुसत्या उत्तराला गुण नाहीत, कारणे लिहा’ हा नियम जवळपास प्रत्येक नियमपत्रकात असतो. तो का असतो, हे या एका गणितातून कळावे. शंभर सरळ रेषा तपासून ‘शून्य’ म्हणणाऱ्याचे उत्तर चूक आहे, आणि काहीही न तपासता अंदाजाने ‘सीमा नाही’ म्हणणाऱ्याचे बरोबर. पेपर तपासणाऱ्याने फक्त शेवटची ओळ पाहिली तर अंदाज करणारा जिंकतो. उत्तरापर्यंत विद्यार्थी कसा पोहोचला हेच या विषयात पाहायचे असते, म्हणून पायऱ्यांना गुण असतात. बारावीपर्यंत ‘स्टेप्सचे मार्क’ मिळतात म्हणून पायऱ्या लिहिणाऱ्या मुलाला इथे त्या पायऱ्यांचे खरे काम समजते.

यानंतर येतो गृहपाठ. १८.०२ मध्ये दर आठवड्याच्या गृहपाठाचे दोन भाग असतात. पहिल्या भागातली गणिते पाठ्यपुस्तकातली आणि विभागाच्या टिपणांतली. हात बसावा हा त्यांचा हेतू. दुसऱ्या भागातली गणिते लांब आणि विचार करायला लावणारी. प्रत्येक गणितासमोर ते कुठल्या वारच्या व्याख्यानानंतर सोडवता येईल, हेही छापलेले असते. ही लहानशी सोय फार मोलाची आहे. मंगळवारी जे शिकवले ते मंगळवारी रात्रीच करून पाहता येते, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबायचे कारण उरत नाही.

उशिरा दिलेला गृहपाठ घेतला जाणार नाही, ही ओळ सगळ्यांत कठोर वाटते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सत्र संपताना सबमिशनचा आठवडा येतो आणि सगळ्या असाइनमेंट त्या चार-पाच दिवसांत एकमेकांच्या फायली पाहून पुऱ्या होतात. तिथून आलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक आठवड्याचा ठाम वार जाचक वाटणे साहजिक आहे. पण या विषयाची रचना पाहा. ग्रेडियंट समजल्याशिवाय लग्रांजची गुणक-पद्धत हाती लागत नाही. वक्राचे पॅरामीटरने वर्णन करता आले नाही तर रेषेवरचा इंटिग्रल मांडताच येत नाही. दुहेरी इंटिग्रल आणि रेषेवरचा इंटिग्रल हे दोन्ही पक्के असतील तरच ग्रीनच्या प्रमेयाच्या दोन बाजू वाचता येतात, आणि ग्रीन समजला तरच स्टोक्स. चौथ्या आठवड्यातला राहिलेला गृहपाठ दहाव्या आठवड्यात आडवा येतो. काही प्राध्यापक सत्राच्या शेवटी सर्वांत कमी गुणांचे एक-दोन गृहपाठ हिशेबातून वगळतात. ताप आला, घरी अडचण आली, तर त्या सवलतीत ते सामावते आणि वार मात्र पाळला जातो.

याच जोडीला आणखी एक अपेक्षा असते: आकृती काढा. ती बहुधा नियमपत्रकात लिहिलेली नसते, पण प्राध्यापक पहिल्या आठवड्यापासून ती बोलून दाखवतात. विद्यार्थ्यांना ती सूचना शाळकरी वाटते, पण तिच्यामागे किती अर्थ आहे हे पुढच्या गणितात दिसेल.

ई या संख्येचा (सुमारे २.७१८) य² हा घात घेतलेले फंक्शन आहे. आधी त्याचा यच्या दिशेने क्षपासून १ पर्यंत इंटिग्रल घ्यायचा आणि मग क्षच्या दिशेने ० पासून १ पर्यंत. आतला इंटिग्रल करायला बसले की हात थांबतो, कारण या फंक्शनचा प्रतिडेरिव्हेटिव्ह नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. सूत्रांची वही कितीही उलटली तरी उपयोग नाही. इथे कागदावर आकृती काढावी. क्ष ० ते १, प्रत्येक क्षला य क्षपासून १ पर्यंत: (०,०), (०,१) आणि (१,१) या कोपऱ्यांचा त्रिकोण तयार होतो. हाच त्रिकोण आडव्या पट्ट्यांनी भरायचा ठरवले तर य ० ते १ जातो आणि प्रत्येक यला क्ष ० पासून यपर्यंत. क्रम बदलताच आतला इंटिग्रल क्षचा होतो, त्यात अवघड फंक्शन स्थिरांकासारखे बाहेर उभे राहते आणि आतून फक्त य मिळतो. आता य आणि ते फंक्शन यांचा गुणाकार इंटिग्रेट करायचा. तो बारावीतल्या प्रतिस्थापनाने सुटतो. उत्तर येते (ई − १) भागिले २, सुमारे ०.८६. पाच मिनिटांपूर्वी अशक्य वाटणारे गणित एका त्रिकोणाने सोडवले. म्हणून दुहेरी इंटिग्रलच्या प्रश्नात क्षेत्राच्या आकृतीला वेगळे गुण ठेवले जातात, आणि ते योग्यच आहे.

एकत्र अभ्यासाविषयीचा नियम नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याच्या दोन्ही टोकांना गैरसमज आहेत. १८.०२ च्या गृहपाठावर छापलेल्या सूचनांचा आशय असा: प्रत्येक गणित आधी स्वतः सोडवून पाहा, इतरांबरोबर काम केले असेल तर उत्तर मात्र स्वतंत्रपणे लिहा, आधीच्या सत्रांतली उत्तरे पाहू नका. एकत्र बसायला मोकळीक आणि लिहिताना एकटेपणा, अशी ही रचना आहे. काहींना ती विसंगत वाटते. ती कुठल्या अनुभवावर उभी आहे हे बर्कलीच्या एका संशोधनात दिसते.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात उरी ट्राइसमन कलनाच्या वर्गातल्या यशापयशाचा शोध घेत होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत, चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात. प्राध्यापकांना कारण विचारले तर जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरचे पाठबळ नाही, पैशांची चणचण, अशी उत्तरे येत. ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतले प्रत्येकी वीस विद्यार्थी घेतले आणि ते खरोखर अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात वावरून पाहिले. ऐकलेले एकही कारण तपासात टिकले नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला सुमारे आठ तास निष्ठेने अभ्यास करत होते, पण एकटे. चिनी विद्यार्थी आधी एकटे बसत आणि मग संध्याकाळी एकत्र येत. एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, चुका दाखवत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. सगळे मिळून आठवड्याला चौदाएक तास भरत. एखादे गणित गटात कुणालाच सुटले नाही, तर ते खरोखर अवघड आहे हे कळे आणि कुणी स्वतःला कमी लेखत नसे. एकट्याने बसलेल्याला ते कळायची सोयच नव्हती.

ट्राइसमन यांनी यावर उपाय केला तो उजळणी वर्गाचा नव्हे. त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली, गटाने सोडवण्यासाठी. त्यांत आलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी ठळकपणे सुधारली आणि हा नमुना अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी उचलला. आज नियमपत्रकात ‘मिळून काम करा’ असे प्रोत्साहन दिसते त्यामागे हा अनुभव आहे. उत्तर एकट्याने लिहायचे कारण तेवढेच सरळ आहे. फळ्यासमोर मित्राने समजावलेले पटते. कोऱ्या कागदासमोर ते पुन्हा उभे करता आले तरच ते आपले झाले. जुन्या प्रश्नपत्रिकांचा प्रश्नही १८.०२ ने चांगला सोडवला आहे. प्रत्येक परीक्षेआधी सराव-परीक्षा उत्तरांसह सगळ्या वर्गाला दिल्या जातात, त्यामुळे ज्याच्या ओळखीचा सीनियर आहे त्यालाच झेरॉक्स मिळते, असे होत नाही.

परीक्षा म्हटले की या विषयाच्या इतिहासातली एक घटना सांगितलीच पाहिजे. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीन या गिरणीवाल्याने, शाळेचे शिक्षण जेमतेम वर्षभराचे असताना, १८२८ मध्ये वर्गणीदारांच्या मदतीने एक निबंध छापला. आज त्याच्या नावाने ओळखले जाणारे गणित त्यातून उगवले. पुढे वयाच्या चाळिशीत तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८५० च्या जुलैत विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, जॉर्ज स्टोक्स यांना पाठवलेल्या पत्रात एक नवे प्रमेय कळवले. स्टोक्स यांनी ते १८५४ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिक परीक्षेत प्रश्न म्हणून घातले. आजचे स्टोक्सचे प्रमेय पहिल्यांदा छापले गेले ते त्या प्रश्नपत्रिकेत. परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते, आणि एडवर्ड राउथ यांच्या बरोबरीने त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे विद्युतचुंबकीय सिद्धान्त लिहिताना मॅक्सवेल यांना हेच गणित कामी आले.

त्याच वर्षीची केंब्रिजची मुख्य गणित परीक्षा, ट्रायपॉस, आठ दिवस चालली. १६ पेपर, साडेचव्वेचाळीस तास, २११ प्रश्न. निकाल क्रमांकाने लागे, आणि पहिल्या वर्गातला पहिला तो सीनियर रँग्लर. कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. स्टोक्स तेव्हा हयात होते आणि केंब्रिजला गणिताचे ल्युकेशियन प्राध्यापकही होते. ‘रँग्लर परांजपे’ हे नाव फर्ग्युसन महाविद्यालयामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. पण ज्या क्रमवारीने त्यांना ही पदवी दिली, तिच्यावर केंब्रिजमधूनच टीका वाढत गेली. घोकून घेतलेल्या युक्त्या आणि वेग यांना तिथे अवाजवी महत्त्व आले आहे, हा आक्षेप होता, आणि जी. एच. हार्डी यांच्यासारखे गणिती त्या पद्धतीविरुद्ध उभे राहिले. १९०९ नंतर क्रमाने नावे लावणे बंद झाले.

गुणांकनाचा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही, पण त्याची उत्तरे अधिक शहाणी झाली आहेत. ऑरू यांच्या २००७ च्या १८.०२ मध्ये सत्रभरात चार परीक्षा आणि शेवटी तीन तासांची अंतिम परीक्षा होती. एका वाईट दिवसाने वर्ष जाऊ नये, ही त्यामागची काळजी आहे. एमआयटीत पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्राला अक्षरी श्रेणी छापलीच जात नाही. ‘सी’ किंवा त्याहून वर असेल तर ‘उत्तीर्ण’ एवढीच नोंद, आणि नापास झाले तर बाहेर जाणाऱ्या गुणपत्रिकेवर त्या विषयाची खूणही राहत नाही. कॅल्क्युलसचा पहिला टप्पा शाळेतच पुरा करून आलेली अनेक मुले १८.०२ नेमक्या याच सत्रात घेतात. देशोदेशीचे हुशार विद्यार्थी पहिल्यांदाच आपल्यासारख्या इतरांमध्ये बसतात तेव्हा त्यांना सावरायला दिलेला हा वेळ आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमातली ३० गुणांची इनसेम आणि ७० गुणांची एन्डसेम, आणि त्यामागची केटीची टांगती तलवार, या रचनेत वाढलेल्या विद्यार्थ्याने ही सवलत आळसाची मुभा समजू नये. पुढच्या सत्रात भौतिकशास्त्राचा विद्युतचुंबकत्वाचा विषय येतो आणि तिथे सरफेस इंटिग्रल आला नाही तर चालत नाही.

हजेरीबाबत देशोदेशी पद्धती वेगळ्या आहेत. आयआयटी मुंबईत ८० टक्के हजेरीची अट आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्क्यांचा दंडक असतो आणि डिफॉल्टर लिस्ट लागते. अमेरिकेतल्या अनेक वर्गांत व्याख्यानाला कुणी हजेरी घेत नाही. मात्र लहान गटांचे ट्युटोरियल किंवा रेसिटेशन चुकवू नका, असे बजावले जाते, कारण तिथे विद्यार्थी स्वतः फळ्यावर येतो, विचारतो, चुकतो. याला संशोधनाचा आधारही आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना वर्गातच कामाला लावणाऱ्या पद्धतीत सुमारे २२ टक्के.

आयआयटी मुंबईचा उल्लेख आणखी एका कारणाने करायला हवा. तिथले प्राध्यापक सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये यांनी लिहिलेले बहुचल कलनाचे पाठ्यपुस्तक २०१० मध्ये स्प्रिंगरने प्रकाशित केले आणि ते जगभर वापरले जाते. मराठी नावांचे हे इंग्रजी पुस्तक ग्रंथालयात मागून घ्यावे. ज्यांना महागडे पाठ्यपुस्तक परवडत नाही त्यांच्यासाठी ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलसचा तिसरा खंड मोफत उपलब्ध आहे. नियमपत्रकात पुस्तकाची जुनी आवृत्ती चालेल की नाही हे लिहिलेले असते. ते वाचले तर हजारो रुपये वाचतात.

आजारपण, अपंगत्व आणि अडचण यांच्याविषयीच्या ओळी नियमपत्रकात अगदी शेवटी असतात, आणि ज्यांना त्यांची गरज असते तेच विद्यार्थी त्या वाचायला संकोचतात. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने अपंग विद्यार्थ्यांना योग्य सोयी मिळण्याचा हक्क दिला आहे. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि त्याअंतर्गतच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र परीक्षार्थींना दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपराला तो एक तास होतो. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, आणि तो सत्राच्या सुरुवातीला अर्ज करून मिळवायचा असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ करून तो मिळत नाही. अचानक आजारी पडलेल्यांसाठी एमआयटीसारख्या ठिकाणी विद्यार्थी साहाय्याचे स्वतंत्र कार्यालय असते. ते खातरजमा करते आणि प्राध्यापकांना कळवते, म्हणजे विद्यार्थ्याला आपले दुखणे प्रत्येकासमोर मांडत फिरावे लागत नाही.

ऑफिस अवर्सचा विषय मराठी विद्यार्थ्यांसाठी खास महत्त्वाचा आहे. सरांच्या केबिनमध्ये जायचे ते सही घ्यायला किंवा बोलणी खायला, अशी सवय अनेकांना असते. परदेशात प्राध्यापक ठरलेल्या वेळी दार उघडे ठेवून बसतात आणि कुणी न आल्यास तो तास तसाच जातो. ‘काही समजले नाही’ असे म्हणत जाण्यापेक्षा अर्धवट सोडवलेले एक गणित घेऊन जावे. ‘इथपर्यंत आलो, या त्रिकोणाची डावी बाजू लिहिताना चुकतोय’ एवढे सांगितले की संवाद सुरू होतो.

कॅल्क्युलेटर आणि संगणकाविषयीचे नियम गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने बदलले आहेत. २००९ मध्ये वुल्फ्रम अल्फा आले आणि इंटिग्रलचे उत्तर कुणालाही फुकट मिळू लागले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि उत्तराबरोबर पायऱ्याही मिळू लागल्या. काही प्राध्यापक गृहपाठात अशा साधनांना सरळ मनाई करतात, काही वापर करून तसे नमूद करायला सांगतात, आणि परीक्षेच्या खोलीत मात्र कागद आणि पेन एवढेच चालते. सत्र सुरू होताना हा नियम शब्दन्‌शब्द वाचावा, कारण एकाच विद्यापीठात दोन वर्गांचे नियम वेगळे असू शकतात आणि गैरसमजाची शिक्षा मोठी असते. पृष्ठभागाचे त्रिमितीय चित्र पडद्यावर फिरवून पाहण्यासाठी संगणकासारखे साधन नाही. ते जरूर वापरावे. पण आकृतीवरून मर्यादा लिहिण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतः केलेले असले पाहिजे. क्रम बदलण्याचे ते गणित परीक्षेत आले तर त्रिकोण त्यालाच काढायचा आहे.

पुढील प्रकरणांत हे नियम एकेक करून घेतले आहेत: आधी वेळेचे, मग गृहपाठाचे, मग सहकार्याचे, परीक्षांचे आणि गुणांचे, शेवटी मदतीचे. प्रत्येक नियमाशेजारी तो नियम समजावणारे किमान एक गणित आहे. ती गणिते ओलांडून पुढे जाऊ नये. त्यांच्याशिवाय नियम पुन्हा कोरडे हुकूम वाटू लागतील.

या सत्रात बहुचल कलन घेणाऱ्या विद्यार्थ्याला एक विनंती. आपल्या वर्गाचे नियमपत्रक समोर घ्या. पहिल्या गृहपाठाची आणि पहिल्या परीक्षेची तारीख वहीत लिहा. आठवड्यातले सात तास कुठले, ते वेळापत्रकात आजच ठरवा. वर्गातल्या दोन-तीन जणांशी बोलून संध्याकाळी भेटायची एक जागा आणि एक वेळ ठरवा. पहिल्या दोन आठवड्यांत एकदा तरी प्राध्यापकांना किंवा त्यांच्या साहाय्यक शिक्षकाला (टीएला) जाऊन भेटा, आणि नियमपत्रकातली एखादी ओळ समजली नसेल तर तीच विचारा.